बाहुलीला सगळंच येत असेल, तर लेकरू बोलेल कशाला?

लातूरच्या चौघा मित्रमैत्रिणींचा प्रश्न थोडक्यात असा: तीन ते सहा वर्षांच्या लेकरांसाठी मराठीत बाहुल्यांची मालिका करायची आहे. वीस-वीस मिनिटांचे तेरा भाग लिहून झाले आहेत. मुख्य पात्र 'घुबडगुरुजी'. ते रंग, आकडे, स्वच्छता शिकवतात. आधी गावातल्या केबलवर आणि मग मोबाईलवर दाखवायचा विचार आहे. बाहुल्या कोणत्या प्रकारच्या कराव्यात, भाषा पुस्तकी ठेवावी की आपल्याकडची, आणि लेकरांना हे कळतंय की नाही ते ओळखायचं कसं?

तुम्ही पाठवलेले दोन भाग मी नीट वाचले. मेहनत दिसते, आणि लेकरांबद्दलची माया तर ओळीओळीत आहे. म्हणूनच स्पष्ट सांगतो: घुबडगुरुजींना मुख्य जागेवरून हलवा. एक तर घुबड शहाणं असतं ही समजूत इंग्रजी चित्रपुस्तकांतून आलेली आहे. आपल्याकडं संध्याकाळी माळवदावर घुबड बसलं की आजी लेकराला घरात घेते. पण खरी अडचण घुबडाची नाही, गुरुजींची आहे. ज्या बाहुलीला सगळं येतं, तिच्यासमोर लेकराला करण्यासारखं काही उरत नाही.

माझ्या पहिल्या मालिकेत मी हेच केलं होतं. आम्ही 'आबा' नावाची बाहुली केली होती. फेटा, पांढऱ्या मिशा, चष्मा, खर्जातला आवाज. आबा प्रत्येक भागात काहीतरी समजावून सांगायचे. अंबाजोगाईजवळच्या एका खेड्यातल्या अंगणवाडीत आम्ही टीव्ही नेला आणि भाग लावला. पहिली दोन मिनिटं सगळी लेकरं बघत होती. मग एकजण टीव्हीच्या मागं जाऊन वायर बघू लागला, एकीनं फ्रॉकच्या खिशातल्या शेंगा काढल्या आणि तिच्याभोवती चौघं जमली. भाग संपला तेव्हा टीव्हीकडं फक्त मीच बघत होतो. सामान आवरताना तिथल्या मदतनीस मावशींनी आमच्या पेटीतली एक साधी बाहुली हातात घातली. बाहुली चालवायची त्यांना काही सवय नव्हती. त्यांनी दारातली एक लहान चप्पल उचलली, बाहुलीच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "बसंना की गं माय ही टोपी!" सगळी लेकरं धावत आली. "टोपी न्हाई ती!" "पायात घालतेत पायात!" एका चिमुकल्या पोरीनं, जी दिवसभर एक शब्द बोलली नव्हती, बाहुलीच्या हातातून चप्पल काढून घेतली, खाली बसली आणि स्वतःच्या पायात घालून दाखवली.

त्या दिवसानंतर मी जे काही लिहिलं, त्याचा पाया ती चप्पल आहे. आबांच्या वीस मिनिटांत लेकरं ऐकणारी होती. मावशींच्या एका मिनिटात ती सांगणारी झाली. तीन वर्षांच्या लेकराला दिवसभर सगळे शिकवत असतात: हे धर, ते ठेव, असं नको, तसं बस. त्याच्याहून कमी येणारं, त्याची गरज असणारं असं घरात कोणी नसतं. ती जागा बाहुलीची आहे.

आपल्या मातीत हे नवीन नाही. गोंधळ आठवा. मुख्य गोंधळी कथा सांगत असतो आणि त्याचा जोडीदार मधेच भोळा प्रश्न टाकतो. त्याला काही कळलेलं नसतं, म्हणून मुख्य गोंधळ्याला पुन्हा सांगावं लागतं, आणि त्या निमित्तानं मागं बसलेल्या प्रत्येकाला कथा कळते. तुमच्या बाहुलीचं काम त्या जोडीदाराचं आहे. फरक एवढाच, की इथं मुख्य गोंधळी पडद्यावर नसून पडद्यासमोर मांडी घालून बसलेला आहे.

इथं एक गल्लत होते, तीही सांगून टाकतो. मराठी माणसाला बोलकी बाहुली म्हटलं की अर्धवटराव आठवतात. यशवंत पाध्ये यांनी 1916 साली घडवलेली आणि रामदास पाध्ये यांनी पुढं घराघरात नेलेली ती बाहुली हा शब्दभ्रमकलेचा आपला मोठा ठेवा आहे. पण अर्धवटरावांचं सगळं बळ हजरजबाबीपणात आहे. माणसाच्या वाक्याला ते टोला देतात आणि हसू मोठ्यांना येतं. नवीन मंडळी लेकरांसाठी लिहितात तेव्हा नकळत तोच वेग पकडतात. चार वर्षांच्या लेकराला कोटी कळत नाही, टोला कळत नाही, वेग तर अजिबात झेपत नाही. तुमची बाहुली सावकाश हवी. तिला एखादी गोष्ट कळायला वेळ लागायला हवा.

अमेरिकेत 10 नोव्हेंबर 1969 रोजी 'सेसमी स्ट्रीट' ही लेकरांची टीव्ही मालिका सुरू झाली, तिची एक हकिगत तुमच्या कामाची आहे. मालिका सुरू होण्याआधी त्यांनी काही नमुना भाग लेकरांना दाखवले. त्या वेळी तज्ज्ञांचा सल्ला असा होता, की खरी माणसं आणि बाहुल्या एकाच दृश्यात आणू नका, लेकरांचा गोंधळ होईल. म्हणून रस्त्यावरच्या दृश्यांत नुसती माणसं होती आणि बाहुलीकार जिम हेन्सन यांच्या बाहुल्या वेगळ्या तुकड्यांत. चाचणीत दिसलं, की बाहुल्या आल्या की लेकरं बघतात आणि नुसती माणसं आली की नजर भटकते. मग त्यांनी सल्ला बाजूला ठेवला आणि बाहुल्या रस्त्यावर आणल्या. बिग बर्ड हा मोठा पिवळा पक्षी त्यातूनच आला. पुढं तो सहा वर्षांच्या मुलासारखा घडत गेला. अंगानं माणसांपेक्षा उंच, पण साध्या साध्या गोष्टी चुकणारा. तुमच्या मालिकेतही एक खरं माणूस ठेवा. अंगणवाडीताई, किराणावाले काका, एखादी आजी. बाहुली चुकेल, माणूस धीर धरेल, लेकरू सांगेल. घुबडगुरुजींची वाक्यं त्या आजीला द्या, आणि त्यातली निम्मी कापा.

आता थांबण्याबद्दल. माझ्या दृष्टीनं सगळ्या मालिकेचा जीव इथं आहे, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो.

बाहुलीनं प्रश्न विचारला की लेकराला आधी प्रश्न कळावा लागतो, मग उत्तर सुचावं लागतं, मग आपण बोलायचं आहे हे ध्यानात यावं लागतं, आणि मग शब्द जुळवावे लागतात. आम्ही अंगणवाड्यांत मोजून पाहिलं, तेव्हा बहुतेक लेकरांचा आवाज यायला चार-पाच सेकंद लागायचे. बुजऱ्या लेकरांना आणखी जास्त. टीव्हीवर पाच सेकंद म्हणजे युग वाटतं. एडिटिंगला बसलेला माणूस ती जागा हमखास कापतो, कारण त्याला ती रिकामी दिसते. आमच्या एका भागात बाहुली विचारते, "माझी घागर कुठं गेली?" आणि दीड सेकंदात स्वतःच म्हणते, "अरे, ही काय!" अंगणवाडीत तो भाग लावला, तर लेकरांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. दोन-तीनदा असं झाल्यावर त्यांनी उत्तर द्यायचा नाद सोडला. लेकरू ते फार लवकर शिकतं, की ह्या बाहुलीला माझं उत्तर नकोच आहे.

म्हणून संहितेतच लिहा: "थांबा, पाच." आणि त्या पाच सेकंदांत बाहुली मेलेली दिसता कामा नये. हात किंचित वरखाली होत राहिला की ती श्वास घेतेय असं वाटतं. एकदा वस्तू असेल त्या दिशेला बघायचं, पण चुकीच्या जागी. मग थेट कॅमेऱ्याच्या भिंगात. मान थोडी वाकडी. मग उत्तर 'ऐकू आल्यावर' लगेच बोलायचं नाही, आधी मान हलवायची. आणि शाबासकी मोघम नको. "व्वा, हुश्शार!" याऐवजी "रांजणामागं? थांब, बघते हं" असं म्हणा. लेकरानं सांगितलं ते बाहुलीनं *केलं*, हे त्याला दिसलं पाहिजे.

बाहुलीची चूक कशी असावी, यालाही मर्यादा आहे. चूक दिसणारी हवी आणि निरुपद्रवी हवी. चप्पल डोक्यावर ठेवणं, घागर पालथी धरून तीत पाणी ओतणं, शेळीला 'हम्मा' म्हणणं. तुमच्या पाचव्या भागात दोन ससे पाच मिनिटं एकमेकांची खेळणी ओढतात, ढकलाढकली करतात आणि शेवटच्या मिनिटात गुरुजी समजावतात. हा भाग काढा. या वयाची लेकरं शेवटचा बोध मागच्या पाच मिनिटांशी जोडत नाहीत. त्यांना दिसते ती ढकलाढकली, आणि दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत तेच होतं. भांडण दाखवायचंच असेल तर अर्धा मिनिट दाखवा आणि उरलेला वेळ वाटून खेळायची धडपड दाखवा: कोणाची पाळी, किती वेळ, वाट बघताना काय करायचं.

वीस मिनिटं फार झाली. सात-आठ मिनिटं पुरे, आणि एका भागात एकच गोष्ट. अमेरिकेतच 1996 साली सुरू झालेल्या 'ब्लूज क्लूज' या कार्यक्रमात एकच भाग सोमवार ते शुक्रवार रोज दाखवत. मोठ्यांना वाटलं लेकरं कंटाळतील. झालं उलटं. पुन्हा पुन्हा बघताना लेकरांची उत्तरं वाढत गेली, कारण आता त्यांना माहीत होतं आणि ते माहीत असल्याचा आनंद मिळत होता. तुमच्याकडं तेरा आठवडे असतील तर तेरा भाग पुरेसे आहेत, आठवड्याला एक, रोज तोच. पैशाच्या दृष्टीनंही हे तुम्हाला झेपणारं आहे. आणखी एक: गोष्टीत मागं-पुढं उड्या मारू नका. "काल काय झालं होतं" असं दाखवायला दृश्य बदललं, की तीन वर्षांच्या लेकराला ते आत्ताच चाललंय असं वाटतं. बाहुली घरातून निघाली आणि पुढच्या क्षणी बाजारात दिसली, तर मधला रस्ता ते मनानं भरून काढत नाही. रस्ता दाखवा. लांब, सलग दृश्यं घ्या.

बाहुल्यांचा प्रकार. कोणीतरी तुम्हाला कळसूत्री बाहुल्या सुचवल्या आहेत. ती फार मोठी कला आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजानं ती जिवंत ठेवली, आणि परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली तेव्हा आम्हा बाहुलीवाल्यांना घरचं कार्य असल्यासारखं झालं. पण कळसूत्री बाहुली नाचते छान, चालते छान, भिंगात रोखून बघत मात्र नाही आणि तिचं तोंड हलत नाही. तुमच्या कामाला तोंड उघडणारी हातातली बाहुली हवी. एक हात डोक्यात, दुसऱ्या हातानं तिचे हात हलवायला सायकलच्या ताडीसारखी बारीक काठी. जत्रेच्या भागात मागं कळसूत्री बाहुल्या नाचवा, शोभा येईल.

डोकं फोमचं करा. सोफा दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडं अर्धा इंची फोमच्या पट्ट्या मिळतात आणि तो कापायचं कसबही शिकवतो. चिकटवायला एसआर, म्हणजे रबरी गोंद, लागतं. ते लावून लगेच दाबायचं नाही, बोटाला चिकटेनासं झालं की दाबायचं. आणि मराठवाड्याचा उन्हाळा लक्षात ठेवा. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत ठेवलेल्या पेटीत गोंद मऊ पडतो. एका मे महिन्यात परळीहून परतताना आमच्या दोन बाहुल्यांचे डोळे सुटून आले होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोग होता. रात्रभर बसून शिवले. तेव्हापासून डोळे मी चिकटवून वरून शिवतोच. कातडीला थंडीच्या जॅकेटला आतून असतो तसला मऊ लोकरी कपडा घ्या, शिवण लपते. केसांना घोंगडीची काळी लोकर फार छान दिसते. अंगावर जुन्या वाकळीचे तुकडे लावा, लेकरं ते ओळखतात. बारीक रेघांचं कापड मात्र टाळा, पडद्यावर ते थरथरतं.

डोळ्यांवर सगळ्यात जास्त वेळ द्या. बुबुळं अगदी मध्यभागी काढली तर बाहुली भिंतीपलीकडं बघतेय असं वाटतं. ती नाकाकडं किंचित ओढली की नजर एका ठिकाणी ठरते आणि लेकराला वाटतं, ही माझ्याकडंच बघतेय. टाचणीनं कागदी बुबुळं लावून, कॅमेऱ्यात बघून, सरकवत सरकवत जागा पक्की करा आणि मगच चिकटवा. डोळे फार मोठे आणि काळेभोर केले तर लहानगी घाबरतात. अचानक जवळून चेहरा दाखवला तरी घाबरतात.

तोंडाचं एक तंत्र आहे जे आपलं आपल्यालाच बसवावं लागतं, कारण ते मराठीच्या बोलण्यावर अवलंबून आहे. अक्षरं मोजून तोंड उघडू नका, उच्चार मोजा. 'घर' लिहिताना दोन अक्षरं, पण तोंड एकदाच उघडतं. 'घरात' म्हणताना दोनदा. 'पाऊस' दोनदा. प, ब, म आले की ओठ मिटलेच पाहिजेत. 'मामा' म्हणताना बाहुलीचं तोंड मिटलं नाही तर लेकराला कारण सांगता येत नाही, पण ते खोटं वाटतं. आणि उघडताना अंगठा खाली न्यायचा, बोटं वर उचलायची नाहीत. बोटं उचलली की प्रत्येक शब्दाला कपाळ मागं पडतं आणि नजर हलते. आरशासमोर नाही, कॅमेऱ्याला टीव्ही जोडून रोज अर्धा तास सराव करा. त्या टीव्हीत डावं-उजवं आरशाच्या उलट असतं, ते अंगात मुरायला महिनाभर जातो. तो महिना काढूनच ठेवा. तुम्ही चौघं आहात. तिघं बाहुल्यांना, एक कॅमेऱ्याला. दोन मजबूत टेबलांवर सेट उभा करून, चालवणाऱ्यांना खाली उभं राहता येईल एवढी उंची ठेवा. गुडघ्यावर बसून दिवसभर हात वर धरला तर दुसऱ्या दिवशी हात उचलत नाही.

आवाज पहाटे घ्या. सोयाबीन काढणीच्या दिवसांत मळणीयंत्राचा आवाज दिवसभर हलत नाही, आणि इन्व्हर्टरची गुणगुण तुम्हाला ऐकू आली नाही तरी माईकला येते.

भाषेबद्दल माझं मत ठाम आहे. बाहुलीनं लेकराच्या घरातली भाषा बोलावी. "काय करायलास?", "लई भूक लागली", "कुठं गेलती?" माणसानं, म्हणजे आजीनं किंवा ताईनं, आपापल्या स्वभावाप्रमाणं बोलावं. ताई थोडं पुस्तकी बोलली तरी चालेल. लेकरू दोन्ही ऐकतं आणि दोन्ही घेतं. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंही तीन ते आठ वर्षांच्या पायाभूत टप्प्यात घरच्या भाषेवरच भर दिला आहे. पण मराठवाड्याची बोली म्हणून सगळ्या आठ जिल्ह्यांचे शब्द एका बाहुलीच्या तोंडी कोंबू नका. लातूर-धाराशिवकडचं 'करायलाव' आणि बीड-जालन्याकडचं 'मव्हं' एकाच तोंडात शोभत नाही. बाहुलीचं गाव ठरवा, त्या गावात चार दिवस राहा, तिथल्या आजींचं बोलणं ऐका.

आणि एक विनंती, हात जोडून. टीव्हीवर आपली बोली बहुतेक वेळा हसवणाऱ्या गड्याच्या किंवा वेंधळ्या पाहुण्याच्या वाट्याला येते. तुमची बाहुली चुकणारी आहे, आणि ती आपली बोली बोलणारी आहे. या दोन गोष्टींचा संबंध जुळू देऊ नका. तिची चूक चपलेची असावी, शब्दाची नको. तिच्या बोलण्याला कोणी हसू नये, कोणी ते सुधारू नये. तिच्याबरोबर सगळं नीट येणारं दुसरं पात्र असेल, तर तेही तीच बोली बोलणारं हवं.

मराठवाड्यातलं लेकरू म्हणजे फक्त मराठी बोलणारं लेकरू नाही, हेही ध्यानात असू द्या. बंजारा तांड्यावरचं लेकरू आईला 'याडी' म्हणतं. नांदेड, परभणी, संभाजीनगरच्या किती तरी गल्ल्यांत दखनी उर्दू बोलली जाते, आणि त्यांचा 'नक्को' आपल्याला वेगळा वाटतच नाही. देगलूरला तेलुगू, उदगीरला कानडी कानावर पडते. आमच्या एका मालिकेत बाहुलीची मैत्रीण तांड्यावरून येते आणि पहिल्याच भागात "याडी!" म्हणून हाक मारते. बाहुली विचारते, "याडी म्हंजे कोण?" हिंगोली जिल्ह्यातल्या एका अंगणवाडीत तो प्रश्न आला आणि नेहमी मागं बसणारी तीन लेकरं एकदम ओरडली. उत्तर फक्त त्यांनाच येत होतं. 2006 साली आलेल्या 'गली गली सिम सिम' या 'सेसमी स्ट्रीट' च्या भारतीय अवतारातली गणवेश घातलेली पाच वर्षांची चमकी ही बाहुली आमच्याकडच्या लेकरांनाही आवडली होती, पण ती हिंदीत बोलायची. आपल्या भाषेत प्रश्न आला की लेकरू बसल्या जागेवरून पुढं सरकतं, हा फरक मी डोळ्यांनी पाहिलाय.

विषय आसपास पसरलेले आहेत, रंग आणि आकडे वेगळे शिकवायची गरज नाही. येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या, दिवशी शेतात कडब्याची कोप उभी राहते, आंबील येते, उंडे येतात, भज्जी येते. बाहुलीला ताटं मांडायची आहेत आणि एक माणूस सारखा मोजायचा राहतोय, कारण ती स्वतःला मोजत नाही. झाला आकड्यांचा भाग. घागर, कळशी, तांब्या: कशात जास्त मावतं? झाला मापाचा भाग. पाण्याबद्दल एक जपा. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते तुम्ही तुमच्या वयाला पाहिलंय आणि त्याबद्दल बोलावंसं वाटणं स्वाभाविक आहे. पण चार वर्षांच्या लेकराला टंचाईची भीती घालू नका. त्याला घागर भरू द्या.

एक विषय मात्र टाळू नका, अवघड असला तरी. बीड, धाराशिव आणि आसपासच्या भागांतून दिवाळीच्या सुमारास हजारो जोडपी ऊसतोडीला जातात. काही लेकरं बरोबर जातात, काही आजीपाशी राहतात. आम्ही त्यावर एक भाग केला. पहिल्या खेपेला आजी बाहुलीला समजावते: आई कारखान्यावर गेलीय, पैसे आणणार, मग तुला फ्रॉक घेणार. दाखवला, तेव्हा लेकरं गप्प बसली. चांगली गप्प नव्हे. आम्ही तो भाग मोडून पुन्हा केला. नव्या भागात आजी काहीच समजावत नाही. बाहुली आईचं जुनं लुगडं घेऊन कोपऱ्यात बसते, मग भिंगात बघून विचारते, "तुमची आई गेली की तुम्ही काय करता?" आणि थांबते. तिथं आम्ही पाच नव्हे, दहा सेकंद ठेवले. केज तालुक्यातल्या एका अंगणवाडीत एक मुलगा उठून टीव्हीपाशी गेला आणि अगदी हळू म्हणाला, "मी उशीखाली ठेवतो." काय ठेवतो ते त्यानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. त्या भागाला शेवट नाही. आजी येते, बाहुलीशेजारी बसते, दोघी मिळून शेंगा फोडतात.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, कळतंय की नाही हे ओळखायचं कसं. "आवडलं का?" असं विचारू नका, सगळी "हो" म्हणतात. 'सेसमी स्ट्रीट' च्या संशोधकांनी एक सोपी युक्ती वापरली होती: टीव्हीच्या बाजूला दुसरा पडदा ठेवून त्यावर दर काही सेकंदांनी नवं चित्र दाखवायचं आणि लेकराची नजर कार्यक्रमावरून कधी ढळते ते टिपायचं. तुम्हाला दोन फोन पुरे. एकावर भाग, थोडं बाजूला दुसऱ्यावर बदलते फोटो. एका वेळी तीन-चार लेकरं बसवा, पंचवीस नको. दर दहा सेकंदांनी वहीत एकच खूण: इकडं की तिकडं. शिवाय दुसरी नोंद ठेवा, माझ्या मते तीच महत्त्वाची: कोणत्या प्रश्नाला कोण बोललं. नजर खिळवून ठेवणं सोपं आहे, भडक रंग आणि ढणढण संगीत तेही करतं. बोलतं करणं अवघड. एक शहरातली, एक गावातली, एक तांड्यावरची अशा तीन अंगणवाड्या निवडा. सेविकांची आणि पालकांची परवानगी घ्या, आणि लेकरांचे चेहरे चित्रित करू नका. भाग संपल्यावर बाहुल्या लेकरांच्या हातात द्या आणि गप्प बसून बघा. त्यांनी तुमची गोष्ट खेळली तर ती पोचली. दुसरीच गोष्ट खेळली तर ती लिहून घ्या, बहुधा ती तुमच्यापेक्षा चांगली असते.

पालकांना एक गोष्ट प्रत्येक भागाच्या सुरुवातीलाच सांगा: दोन वर्षांखालच्या लेकरासाठी हे नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली आणि भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2021 साली सांगितलेली मर्यादा अशी, की दोन ते पाच वर्षांच्या लेकरासाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी तर उत्तम. अगदी लहानगं पडद्यावरून फारसं शिकतच नाही. समोरच्या माणसाकडून तीच गोष्ट झटकन उचलतं. म्हणून शेजारी मोठं माणूस बसलेलं हवं. मोबाईलवर टाकाल तेव्हा एकामागून एक भाग आपोआप लागणार नाहीत अशी व्यवस्था करा, आणि शेवटी बाहुलीलाच म्हणू द्या, "मी आता झोपते, तुम्ही अंगणात जावा."

आणि मालिका पडद्यावरच संपवू नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला शाळाच लेकरांच्या अंगणात नेली, चिंचोके आणि पानं ही त्यांची साधनं होती. तुम्हीही बाहुलीचा कागदी नमुना काढा. जुना पायमोजा, दोन गुंड्या, लोकरीचा गुंडा, एवढ्यात होईल असा. जिथं भाग दाखवाल त्या प्रत्येक अंगणवाडीताईला आणि मदतनीस मावशीला एकेक द्या आणि चालवायला शिकवा. भाग संपला, टीव्ही बंद झाला, की तीच बाहुली ताईच्या हातावर उठून बसली पाहिजे. पडद्यातली बाहुली उत्तर ऐकल्याचं नाटक करते. ताईच्या हातातली खरंच ऐकते.

तेरा भाग एकदम चित्रित करायला घेऊ नका. आधी एक करा. तुमच्या तिसऱ्या भागातला तो रांजण रिकामा करायचा प्रसंग घ्या, गुरुजी काढा, आजी घाला, सात मिनिटांचा कच्चा भाग फोनवरच उतरवा आणि तीन अंगणवाड्यांत दाखवून या. मला वहीतल्या खुणा पाठवा, मी बसून बघेन. फक्त दिवाळीच्या आत दाखवा. नंतर ऊसतोडीच्या गावांतली बरीच लेकरं कारखान्यावर गेलेली असतात, आणि त्यांच्याशिवाय केलेली चाचणी अर्धी राहते.